स्वॅब निगेटिव्ह आला, म्हणजे नेमकं काय आलं?

२०२० च्या उन्हाळ्यापासून पुढची दीड-पावणेदोन वर्षं मी एका तालुक्याच्या गावी स्वॅब घ्यायचं काम केलं. दिवसाला शंभर-सव्वाशे नाकं. त्यातलं एक नाक अजून विसरलो नाही. सत्तरीतले एक शेतकरी आजोबा, पाच दिवसांचा ताप, बोलताना धाप. काडी आत गेली तशी त्यांनी मान झटकली, माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "बास रे पोरा, बास." मला दया आली, मागे रांग होती, पीपीई किटच्या आत घामाच्या धारा लागल्या होत्या. मी काडी नाकपुडीतच दोन वेढे फिरवून नळीत टाकली. रिपोर्ट निगेटिव्ह. घरच्यांनी पेढे तेवढे वाटायचे ठेवले. तिसऱ्या दिवशी ऑक्सिजन ८६ घेऊन आजोबा परत आले. या वेळी सहकाऱ्याने त्यांचं डोकं नीट धरून स्वॅब घेतला. पॉझिटिव्ह.

आजोबा बरे झाले, पुढे दिवाळीला शेतातली भुईमुगाची शेंग घेऊन आले. पण तो पहिला रिपोर्ट मशीनने चुकवला नव्हता, मी चुकवला होता. स्वॅबची चाचणी 'किती टक्के बरोबर' असं लोक विचारतात तेव्हा त्यांना मशीनबद्दल किंवा किटबद्दल विचारायचं असतं. खरी गळती त्याच्या बरीच आधी होते: कोणत्या दिवशी घेतला, काडी कुठपर्यंत गेली, नळी किती तापली. आरटीपीसीआरचा, म्हणजे स्वॅबमधलं विषाणूचं जनुक शोधणाऱ्या चाचणीचा, खासगी लॅबमधला दर मार्च २०२० मध्ये कमाल ४,५०० रुपये होता, महाराष्ट्रात तो डिसेंबर २०२१ मध्ये ३५० वर आला. काडी धरणारा हात मात्र तोच राहिला. कोविड असो की एच१एन१ (स्वाइन फ्लू), पुढचा सगळा हिशेब त्या हाताचा आणि कॅलेंडरचा आहे.

आधी ठरवा, टेस्ट कशासाठी

उत्तर काहीही आलं तरी तुम्ही तेच करणार असाल, तर टेस्ट करू नका. सर्दी आहे, ताप उतरलाय, वय तिशीचं, घरात म्हातारं माणूस नाही, दोन दिवस घरीच बसणार आहात; मग कशाला नाकात काडी?

हे काही माझं एकट्याचं मत नाही. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, ३ ऑगस्टला, आणि नायडू रुग्णालयासमोर तोंडाला रुमाल बांधून माणसांच्या रांगा लागल्या. त्यानंतर सरकारने रुग्णांचे अ, ब, क असे तीन गट पाडले. अ आणि ब या कमी गंभीर गटांना तपासणीची गरजच ठेवली नाही. क गटाला, म्हणजे धाप, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त पडणं, मुलांमध्ये मलूलपणा असणाऱ्यांना, तपासणी आणि भरती दोन्ही. ब गटातल्या जोखमीच्या माणसाला, म्हणजे गरोदर बाई, पासष्टीच्या पुढचे, दमा-मधुमेहवाले यांना, औषध स्वॅबची वाट न पाहता. कारण फ्लूवरचं ऑसेलटॅमिविर पहिल्या ४८ तासांत सर्वांत चांगलं लागू पडतं आणि रिपोर्टची वाट बघण्यातच ते तास निघून जातात.

टेस्ट करायचीच तर ती कोणत्या विषाणूची आहे ते खोक्यावर वाचा. कोविडचं किट निगेटिव्ह आलं याचा अर्थ 'फ्लू नाही' असा होत नाही. हे वाक्य मी निदान हजार वेळा बोललो असेन. दोन्ही एकत्र बघणारी किट मिळतात, पण मेडिकलवाल्याने काउंटरवर ठेवलेलं बहुधा एकाच विषाणूचं असतं.

दिवस मोजा

लग्नाहून आलो, कळलं की टेबलावर शेजारी बसलेला पॉझिटिव्ह निघाला, दुसऱ्या दिवशी टेस्ट केली, निगेटिव्ह आली, संध्याकाळी आजीला भेटायला गेलो. ही गोष्ट मी इतक्या घरांतून ऐकली आहे की ती छापून भिंतीवर लावावी.

विषाणू शरीरात शिरल्यावर काडीला लागण्याइतका वाढायला वेळ घेतो. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये सात अभ्यासांतले १,३३० नमुने एकत्र करून आरटीपीसीआर किती वेळा हुकते याचा अंदाज मांडला. लागण झाल्याच्या पहिल्या दिवशी हुकण्याची शक्यता १०० टक्के. चौथ्या दिवशी ६७. पाचव्या दिवशी, म्हणजे साधारण लक्षणं सुरू होतात त्या दिवशी, ३८. आठव्या दिवशी, म्हणजे लक्षणांच्या तिसऱ्या दिवशी, २०. तो सगळ्यांत कमी आकडा. तिथून पुन्हा चढत एकविसाव्या दिवशी ६६. म्हणजे उत्तम दिवशीसुद्धा पाचातला एक निसटतो, तोही झटपट अँटिजेन किटमध्ये नव्हे, आरटीपीसीआरमध्ये.

हे आकडे मूळ विषाणूचे आहेत. ओमायक्रॉननंतर, लस घेतलेल्या किंवा आधी आजार होऊन गेलेल्या लोकांत घसादुखी लवकर सुरू होते आणि विषाणूचं प्रमाण लक्षणांच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी शिगेला जातं. त्यामुळे पहिल्या दिवशीचं घरचं किट आता आणखीच फसवं झालं आहे.

तेव्हा वहीत तारीख लिहा. लक्षणं नाहीत, फक्त संपर्क आला, तर पाच पूर्ण दिवस थांबा आणि त्या दिवसांत आजी-आजोबांकडे फिरकू नका. लक्षणं आहेत तर आरटीपीसीआर लक्षणांच्या पहिल्या पाच-सहा दिवसांत, शक्यतो तिसऱ्याच्या आसपास. फ्लूसाठी त्याहून लवकर, तीन-चार दिवसांच्या आत. मोठ्या माणसाच्या नाकातून फ्लूचा विषाणू झपाट्याने कमी होतो. दहाव्या दिवशी फ्लूचा स्वॅब द्यायला येणं म्हणजे वरातीमागून घोडं.

एक अपवाद ध्यानात ठेवा. आजार छातीत उतरला की नाक रिकामं होऊ शकतं. न्यूमोनिया झालेल्या माणसाचा नाकाचा स्वॅब निगेटिव्ह आणि खोल खोकल्यातून आलेला बेडका पॉझिटिव्ह, असं होतं. त्या टप्प्यावर कुठला नमुना घ्यायचा ते डॉक्टर ठरवतात, घरच्या किटचा तिथे काही उपयोग नाही.

काडी नाकात कुठे जाते

इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

आपल्याला वाटतं नाक वर जातं. बाहेरून दिसतं तसं, कपाळाकडे. मीही पहिल्या आठवड्यात काडी वरच्या दिशेने ढकलत होतो, आणि माणसं बोंबलत होती, डोळ्यांतून पाणी, एखाद्याचा घोळणा फुटायचा. एक दिवस कान-नाक-घशाचे एक वयस्कर डॉक्टर सेंटरवर आले, पाच मिनिटं नुसते बघत उभे राहिले. मग माझ्या हातातली नवी काडी घेऊन त्यांनी ती माझ्या गालाला बाहेरून आडवी लावली: एक टोक नाकपुडीशी, दुसरं कानाच्या भोकाशी. म्हणाले, "नाकाची जमीन आडवी असते. टाळूच्या वरून सरळ मागे. तुला कानाकडे जायचंय, टाळक्याकडे नाही." तेवढ्या एका वाक्यावर माझं पुढचं वर्ष निघालं.

तर खोल नाकाचा स्वॅब असा घेतला जातो. आधी रुग्णाने नाक शिंकरून घ्यावं. शेंबूड काडीला लागून उपयोग नसतो, पेशी लागायला हव्यात. पाठ आणि डोकं टेकलेलं, मान थोडी मागे. काडी लवचीक, टोकाला नायलॉनचे बारीक तंतू किंवा डेक्रॉन. कापूस गुंडाळलेली लाकडी काडी चालत नाही, तिच्यातले घटक पीसीआरची प्रक्रियाच अडवतात. काडी टाळूला समांतर, हळू, न ढकलता सरकवायची, नाकपुडी ते कान एवढ्या अंतराच्या बेताने, मऊ अडसर लागेपर्यंत. वाटेतच टणक अडलं तर ते बहुधा वाकडं हाड. जोर लावायचा नाही, दुसरी नाकपुडी घ्यायची. मागच्या भिंतीला टेकल्यावर तिथेच काही सेकंद ठेवायची, काडीला ओल शोषायला वेळ हवा, आणि मग फिरवत फिरवत बाहेर.

घशाचा घ्यायचा तर दोन्ही बाजूंच्या गाठी आणि मागची भिंत घासायची, जीभ आणि गाल टाळायचे. त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू काही नको. आपल्याकडे नाकाची आणि घशाची अशा दोन्ही काड्या एकाच नळीत टाकायची पद्धत होती.

रुग्ण म्हणून तुम्हाला यातलं काय करता येतं? बरंच. डोकं भिंतीला टेकवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, नाकाचं ऑपरेशन झालं असेल, तर काडी आत जायच्या आधी सांगा. तोंडाने श्वास घ्या. घेणाऱ्याचा हात धरू नका. आणि दोन सेकंदांत, काही कळायच्या आत काडी बाहेर आली, डोळ्यांत टचकन पाणी आलं नाही, तर 'छान, दुखलं नाही' म्हणून खूश होऊ नका. "खोलवरचा घेतलात ना?" एवढं विचारा. आम्हाला राग येत नाही. आला तरी विचारा.

लॅबवाले म्हणतील, आमच्याकडे नमुना नीट घेतला की नाही ते कळतं. अर्धं खरं आहे. आरटीपीसीआरमध्ये विषाणूबरोबर माणसाचं एक जनुक, बहुधा आरनेज पी, शोधतात. ते सापडलं नाही तर नमुना बाद. पण माणसाच्या पेशी नाकपुडीच्या तोंडाशीही असतातच. म्हणजे काडी कोरडी किंवा कोरी असेल तर पकडली जाते. उथळ असेल तर सही-शिक्क्यानिशी 'निगेटिव्ह' होऊन बाहेर पडते. आजोबांचं तेच झालं.

नाकाला हातच लावू न देणाऱ्यांसाठी नागपूरच्या नीरी संस्थेने मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांमधून आरटीपीसीआर करायची पद्धत काढली आणि मे २०२१ मध्ये आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, तिला मान्यता दिली. जिथे ही सोय आहे तिथे लहान मुलांसाठी ती देवासारखी. घरच्या अँटिजेन किटमध्ये मात्र गुळणीचं पाणी टाकू नका, ते किट त्यासाठी केलेलं नाही.

नळी, बर्फ, नाव

काडी व्हीटीएमच्या, म्हणजे विषाणू टिकवणाऱ्या द्रावणाच्या, नळीत गेली की २ ते ८ अंशांत राहायला हवी, आणि ७२ तासांत लॅबमध्ये लागायला हवी. त्याहून उशीर होणार असेल तर उणे ७० अंशांत गोठवून. बर्फाचा डबा दिसला नाही तर विचारा. नळीवरचं नाव, वय, मोबाइल नंबर स्वतः वाचून बघा. एका गावात एकाच नाव-आडनावाची तीन माणसं असतातच, आणि कोविडच्या गर्दीत एसआरएफ आयडीचा (नमुन्याच्या अर्जाच्या क्रमांकाचा) एक आकडा चुकून एकाचा पॉझिटिव्ह दुसऱ्याच्या मोबाइलवर गेलेला मी पाहिला आहे.

घरच्या किटची रेघ

अँटिजेन टेस्ट विषाणूचं प्रथिन शोधते. पीसीआरसारखं ते वाढवून बघत नाही, आहे तेवढ्यावरच भागवते, म्हणून तिला भरपूर विषाणू लागतो. जून २०२० मध्ये आयसीएमआरने देशातलं पहिलं अँटिजेन किट मान्य केलं तेव्हाच सांगून टाकलं होतं: आजार असलेल्यांपैकी ५०.६ ते ८४ टक्के पकडते, नसलेल्याला 'नाही' म्हणण्यात ९९.३ ते १०० टक्के बरोबर. म्हणून नियम असा होता की लक्षणं असून अँटिजेन निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करायचीच. पॉझिटिव्ह आली तर पुन्हा तपासायची गरज नव्हती. पुढे वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यातही चित्र तेच: लक्षणं असलेल्यांत ७२ टक्के, नसलेल्यांत ५८. फ्लूच्या झटपट टेस्टही ५० ते ७० टक्क्यांच्या घरात.

घरी करताना चुका ठरलेल्या. पहिली, उन्हाची. बहुतेक किट २ ते ३० अंशांत ठेवायची असतात. मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात स्कूटरच्या डिकीत दुपारभर राहिलेलं किट तुम्हाला काय सांगणार? फ्रिजमध्ये ठेवलं असेल तर पाऊच न फोडता अर्धा तास बाहेर ठेवा. पाऊच फोडल्यावर मग वाट बघत बसू नका, पट्टी हवेतली ओल ओढते. कोकणात पावसाळ्यात तर विशेष.

दुसरी चूक काडीची. घरच्या किटची काडी आखूड असते आणि ती दोन-चार सेंटिमीटरच आत घालायची असते, पण दोन्ही नाकपुड्यांत, भिंतीला घासत, पत्रकात असतील तितके वेढे मोजून. एकाच नाकपुडीत गुदगुल्या करून भागत नाही. मग द्रावणात काडी नीट घुसळा, नळी बाहेरून दाबून काडी पिळून काढा, आणि सांगितले तितकेच थेंब टाका. जास्त टाकले तर पट्टी वाहून जाते.

तिसरी चूक घड्याळाची. मोबाइलवर अलार्म लावा. पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा. पाचव्या मिनिटाला 'निगेटिव्ह' म्हणून कचऱ्यात टाकलेल्या पट्टीवर नंतर रेघ उमटलेली असू शकते. उलट, तास-दोन तासांनी कचऱ्यातून काढून बघितल्यावर दिसणारी राखाडी रेघ धरायची नाही. वेळेत दिसलेली दुसरी रेघ मात्र कितीही फिकट असो, पॉझिटिव्हच. बत्तीखाली धरून, चष्मा लावून, 'आहे की नाही' असा कौटुंबिक वाद होत असेल तर ती आहे. आणि 'सी' (कंट्रोल, म्हणजे किट चालू असल्याची खूण) समोरची रेघच आली नाही तर किट वाया गेलं, त्यातून काहीच अर्थ काढायचा नाही.

जाता जाता: २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या शाळकरी पोरांनी शाळा बुडवायला पट्टीवर संत्र्याचा रस आणि कोला ओतून पॉझिटिव्ह रेघा काढल्या होत्या. आम्लाने पट्टीवरची प्रतिपिंडं बिघडून एकमेकांना चिकटतात, एवढंच. किटच्या द्रावणाऐवजी दुसरं काहीही टाकलं की पट्टी बोलते ते निरर्थक असतं.

निगेटिव्ह आली, लक्षणं आहेत, तर ४८ तासांनी पुन्हा करा. लक्षणं नसतील आणि संपर्क आला असेल तर ४८-४८ तासांच्या अंतराने एकूण तीनदा. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, ऑगस्ट २०२२ मध्ये हाच सल्ला दिला. एकाच सकाळी तीन किट फोडण्यात पैसे जातात, माहिती वाढत नाही. मधल्या दोन दिवसांत विषाणू वाढतो, ते खरं काम करतं.

सीटी व्हॅल्यू आणि सीटी स्कोअर

या दोघांनी २०२१ च्या एप्रिलमध्ये जेवढा गोंधळ घातला तेवढा कशानेच घातला नसेल. सीटी स्कोअर छातीच्या एचआरसीटी स्कॅनचा, पंचवीसपैकी. जास्त म्हणजे फुप्फुस जास्त खराब. सीटी व्हॅल्यू आरटीपीसीआरची. कमी म्हणजे काडीवर विषाणू जास्त. एक बाई मला रात्री फोन करून रडत होत्या, "दादा, ह्यांचा सीटी २२ आलाय हो, पंचवीसपैकी!" तो आरटीपीसीआरचा आकडा होता. पंचवीसपैकी वगैरे काही नव्हतं. त्यांच्या यजमानांना चव सोडता काही झालं नव्हतं.

पीसीआर दर फेरीत जनुकाचा तुकडा दुप्पट करते. किती फेऱ्यांनंतर खूण दिसली तो आकडा म्हणजे सीटी. २० आणि ३० मध्ये दहा फेऱ्यांचं अंतर, म्हणजे दोनाचा दहावा घात, जवळपास हजारपट विषाणू. पण हा आकडा काडीवरच्या विषाणूचा, माणसाच्या प्रकृतीचा नव्हे. उथळ काडी, लांबलेला प्रवास, वेगळं किट, सगळ्याने तो वरखाली होतो. सीटीवरून आजाराची तीव्रता ठरवू नका असं आयसीएमआरने सांगितलं होतं. महाराष्ट्र सरकारने पॉझिटिव्हची रेषा २४ वर आणावी का असं विचारलं, तेव्हा एप्रिल २०२१ मध्ये उत्तर आलं की नाही, ३५ च ठेवा. २४ केली तर संसर्ग पसरवणारे अनेक जण सुटतील.

३३-३४ सीटीचा अर्थ दोन टोकांचा असू शकतो: आजार नुकताच सुरू होतोय, किंवा संपून गेलाय आणि मेलेल्या विषाणूचे तुकडे उरलेत. कोणता, ते तुमच्या वहीतली लक्षणांची तारीख सांगते. तारीख नसेल तर दोन दिवसांनी पुन्हा स्वॅब. आकडा उतरला तर आजार चढतोय. तुकडे नाकात कित्येक आठवडे, कधी ९० दिवसांपर्यंत सापडतात, म्हणून बरं झाल्यावर 'निगेटिव्ह यावा' म्हणून आरटीपीसीआर करत बसू नका.

हजार माणसांचा हिशेब

समजा टेस्ट शंभरातले ७० आजारी पकडते आणि निरोग्यांपैकी ९९.५ टक्क्यांना बरोबर 'नाही' म्हणते. लाट जोरात आहे. ताप-खोकला घेऊन आलेल्या हजारांत ३०० जणांना खरंच आजार आहे. २१० पकडले जातील, ९० सुटतील. निगेटिव्ह कागद हातात घेऊन घरी जाणाऱ्या ७८६ जणांत हे ९०, म्हणजे दर नऊ जणांत एक. उलट खोटे पॉझिटिव्ह फक्त तीन-चार.

आता लाट ओसरली. कुठलीही लक्षणं नसलेल्या हजार कर्मचाऱ्यांची तीच टेस्ट केली, त्यांत पाचच बाधित. तीन-चार पकडले जातील आणि सुमारे पाच जण उगाच पॉझिटिव्ह ठरतील. म्हणजे निम्म्याहून जास्त पॉझिटिव्ह खोटे. किट तेच, कारखाना तोच. म्हणून भर लाटेत, घरात दोघे आजारी असताना आलेल्या निगेटिव्हवर विश्वास ठेवू नका, आणि शांत काळात ठणठणीत माणसाच्या अँटिजेन पॉझिटिव्हवर लगेच आकाशपाताळ एक करू नका. आरटीपीसीआर करून बघा.

तोवर काय करायचं

रिपोर्ट यायचा तेव्हा येईल. ताप असेपर्यंत वेगळ्या खोलीत किंवा निदान वेगळ्या कोपऱ्यात, खिडकी उघडी, मास्क. पल्स ऑक्सिमीटर बोटाला लावा. नेलपॉलिश आणि मेंदी लावलेलं बोट नको, हात गार असतील तर चोळून गरम करा. मग घरातल्या घरात सहा मिनिटं चाला, धाप लागली तर मध्येच थांबा, आणि पुन्हा मोजा. ९४ च्या खाली आलं किंवा चालल्यावर तीन अंकांनी उतरलं, ओठ निळसर दिसले, बोलताना वाक्य तुटायला लागलं, तर स्वॅबचा कागद खिशात ठेवा आणि दवाखाना गाठा. तिथल्या डॉक्टरांना पहिल्यांदा ताप कधी आला ती तारीख सांगा, टेस्ट कधी केली ते सांगा, आणि नाकातून काडी खोल गेली होती की नाही तेही सांगा.